मास्तरांनी मिळवलेले शंभर

फाल्गुन सरता सरता मुलुंडच्या टेकडीवरून उतरणाऱ्या वाऱ्याला वाळल्या गवताचा, करपट मातीचा वास असायचा आणि तो आमच्या भाड्याच्या बंगल्यात शिरला की त्यात तापलेल्या वायरींचा उग्र दर्प मिसळायचा. मागच्या खोलीत, अवकाशातून अखंड झरणाऱ्या विश्वकिरणांची मोजणी करणारं यंत्र टिकटिकत असे. त्याच्या दोन तबकड्यांवरच्या आकड्यांची बेरीज दर तासाला वहीत उतरवणं हे माझं, संशोधक विद्यार्थिनीचं काम. त्या आकड्यांचं गणित करून आलेख काढणं दामले मास्तरांचं.

मास्तरांनी मला शाळेत गणित शिकवलं होतं. पंचावन्नाव्या वर्षी शाळेनं हारतुरे देऊन त्यांना घरी बसवलं. खासगी शाळा, पेन्शन कुठलं, आणि घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं. मीच सरांच्या, म्हणजे आमच्या संचालकांच्या, मागे लागून त्यांना सहा महिन्यांसाठी गणक म्हणून आणलं. "बाई, ही प्रयोगशाळा आहे, पांजरपोळ नव्हे," सर म्हणाले होते. मीही फणकाऱ्यानं सुनावलं होतं की वयस्क माणसं घाई करत नाहीत, म्हणून चुकतही नाहीत. ते सहा महिने आज संपत होते, आणि दुपारी तीनला आलेख पाहून सर मास्तरांना ठेवायचं की नाही ते ठरवणार होते.

अकराच्या सुमारास आलेख हाती आला. काय देखणा! रेघ संथ, एकसंध, कुठेही न अडखळणारी. पण मधल्या एका दिवशी माझी बोटं थबकली. त्या दिवशी सकाळपासून आकडे घसरले होते, यंत्र बिघडलं की काय म्हणून मी चार वेळा तारा तपासल्या होत्या. आणि इथे घसरणीचा मागमूस नव्हता. मी मूळ वही काढली. आठ तास, आठ नोंदी, आणि प्रत्येकीच्या शेजारी मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरात शंभरानं वाढलेला आकडा.

"मास्तर, हे शंभर कुठून आले?"

"हातचा धरायचा राहिला होता गं तुझा," ते प्रेमानं म्हणाले. "पद्धत बरोबर, बेरीज चुकलेली. एवढ्यासाठी का मुलांचं नुकसान करायचं? मी मिळवून टाकले."

माझं डोकंच फिरलं. अहो, सूर्यावरच्या वादळानंतर विश्वकिरणांत येणाऱ्या ज्या घसरणीसाठी जगभरचे शास्त्रज्ञ डोळ्यांत तेल घालून बसले आहेत, ती आमच्या वहीत आपल्या पायांनी चालून आली होती, आणि मास्तरांनी ती माझी चूक समजून पोटात घातली होती! मी ओरडले. काय काय बोलले ते लिहायची आज लाज वाटते. मास्तर चष्मा काढून पंच्याला पुसत राहिले, आणि त्या उघड्या, मिचमिचणाऱ्या डोळ्यांकडे पाहताना माझा राग कुठल्या कुठे गेला. उरली ती निव्वळ भीती. तीनला अजून वेळ होता. मी नवा कागद ताणला आणि आलेख पुन्हा काढायला बसले; सरांना कशाला कळायला हवं? घामानं पेन्सिल सटकत होती, बिंदू हलत होते, आणि खिडकीतलं ऊन टेबलावर पुढे पुढे सरकत होतं.

पावणेतीनला मास्तर उठले. माझ्या हाताखालून त्यांनी कागद काढून घेतला, स्वतःचाही घेतला, आणि मी "मास्तर, नको!" म्हणेपर्यंत ते सरांच्या खोलीत शिरलेसुद्धा.

दाराबाहेर मी कान देऊन उभी राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मग सरांनी विचारलं, आवाज न चढवता, "असं आणखी किती ठिकाणी केलंत?"

"आठवत नाही, साहेब," मास्तर म्हणाले. "तीस वर्षांची सवय. हात आपोआप जातो."

संपलं. सहा महिन्यांची सगळी आकडेमोड पहिल्यापासून पडताळावी लागणार होती. सरांच्या जागी मी असते तरी त्यांना ठेवू शकले नसते, हे कळत होतं आणि तरी सरांचा संताप येत होता. ती आठ तासांची घसरण पुढे माझ्या प्रबंधाचा गाभा ठरली.

मास्तर बाहेर आले, खुंटीवरची टोपी घेतली. मी बंगल्याच्या फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. बांबूच्या बेटातून कोरडी सळसळ येत होती. क्षमा मागायची होती. तोंडून भलतंच निघालं. शाळेतल्या शेवटच्या परीक्षेत त्यांनी मला गणितात पैकीच्या पैकी गुण दिले होते, आणि तेवढ्या बळावर वडिलांनी मला विज्ञान शाखेला जाऊ दिलं होतं.

"मास्तर, माझ्या त्या पेपरात... तिथंही तुम्ही काही मिळवलं होतंत का?"

ते थांबले. टोपी नीट केली. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू हुशारच होतीस गं."

मी हुशार होते का, हे मी विचारलंच नव्हतं.