भाकरीच्या पापुद्र्यातले तूप

दुष्काळ सरून दोन वर्षे झाली होती. विट्याजवळच्या आमच्या घरात दुभती म्हैस पुन्हा आली आणि त्याच सुमारास सासऱ्यांच्या छातीत पहिली कळ आली. ते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते. सांगलीच्या डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावले, "तूप पूर्ण बंद. तेल बेताचे. पुन्हा कळ आली, तर मी खात्री देणार नाही."

साताऱ्यात अध्यापनाचे शिक्षण घेऊन आलेली मी गावच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवीत असे. स्निग्ध पदार्थ शरीराला लागतातच, पण मापात, हे मुलांना मी सहज पटवून देई. घरात ती सोय नव्हती. सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "मास्तरीण आली आन् तुपाचं इख झालं!"

दोन महिने झाले, तरी सासऱ्यांची धाप कमी होईना. त्यांच्या ताटात तूप दिसत नव्हते. सासूबाई मात्र त्यांची भाकरी उतरवताना न चुकता माझ्याकडे पाठ करीत. ज्वारीची भाकरी फुगली की तिचा पापुद्रा सुटतो, आणि त्याच्या आत पळीभर तूप सहज मावते.

एका रविवारी मी सासऱ्यांच्या ताटातला तुकडा उचलला आणि वहीच्या कोऱ्या कागदावर घासला.

"आता घास तपासाया लागली व्हय गं?" सासूबाई कडाडल्या. "मग माझी बी तपास! तुझी बी तपास!"

मी तसेच केले. तिन्ही कागदांवर कुणाची भाकरी ते लिहिले आणि ते उंबऱ्यावर उन्हात ठेवले. डाग सुरुवातीला सारखेच दिसतात; पाण्याचा वाळून जातो, तुपाचा राहतो. म्हणून थांबणे भाग होते.  तोवर सासऱ्यांनी ताटाला हात लावला नाही.

मग मी कागद उजेडात धरले. सासऱ्यांच्या कागदाच्या डागातून उजेड आरपार येत होता. आम्हा दोघींचे कोरडे ठणठणीत.

सासऱ्यांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतले. "तुझी कोरडी?" त्यांनी बायकोला विचारले.

"कोरडीच की. लगीन झाल्यापासनं."

"आन् मला डागदर नगं म्हनला, तरी चोरून? मारायला घातलंस व्हय?"

"मारायला? आवं, माझ्या तोंडचं काढून तुमास्नी घातलं, आन् मारायला?"

दोन महिने मी एकाच ताटातले जास्तीचे तूप शोधत होते. उरलेल्या दोन ताटांतली उणीव माझ्या नजरेला आलीच नव्हती, आणि त्यातले एक ताट माझे स्वतःचे होते.

सासऱ्यांनी आपली भाकरी पुढे सरकवली. "ही तुमी दोघी खावा. मला तुझी दे."

"मी न्हाई खायाची."

"खा म्हनतो न्हवं!" तो आवाज कवायतीच्या मैदानावरचा होता.

सासूबाईंनी भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या ताटात आदळली. "घे, मास्तरीण. ह्याच्याचसाटी चाललं हुतं समदं!"

मी ती खाल्ली. त्यांनीही खाल्ली, भिंतीकडे तोंड करून.

त्यानंतर दिवाळीपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पण सासऱ्यांची भाकरी उतरवताना त्यांनी पुन्हा कधी पाठ फिरवली नाही.