दिमितरच्या विमानतळावर

सोफियाहून निघालेल्या बसने आम्हा दोघांना सूर्यफुलांच्या शेतांमधल्या एका फाट्यावर उतरवलं. मी हवाई दलात मिग-२१चा मेकॅनिक होतो. आता कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीत शेती बघतो. आपल्याकडची ही विमानं सेवेतून गेली आणि एकदा तरी त्या पत्र्याला पुन्हा हात लावायचा, हे वेड माझ्या डोक्यात शिरलं. बल्गेरियातही तीच विमानं होती. तिथला दिमितर नावाचा, माझ्याच जातकुळीतला म्हातारा मेकॅनिक मला फोनवर सापडला. भाषांतराचं काम फोन करायचा. ‘ये, माझा विमानतळ दाखवतो,’ असा त्याचा निरोप होता. आमचा मुलगा सोफियात नोकरीला असल्याने जमून गेलं.

सोव्हिएत छायेच्या काळात या देशाने रानावनात लष्करी विमानतळ बांधले. ते नकाशावर दाखवत नसत. पुढे राज्य बदललं, सैन्य आटलं आणि बरेच ओस पडले. दिमितरचा त्यातलाच एक.

थांब्याच्या खांबावर खुद्द दिमितरचा फोटो चिकटवलेला. अंगात कामाचा डगला, चेहरा हसरा. खाली आणखी काही चेहरे. आता कोल्हापूरच्या माणसाला चौकातला फोटो म्हणजे काय वाटणार? वाढदिवस! खालचे ते शुभेच्छुक. भोवतीची काळी चौकट मला सजावट वाटली.

“हितं बी आपल्यागतच हाय की,” माझी बायको सुमन म्हणाली. “पर एवढासाच कागद? फ्लेक्स तरी लावायचा.”

मी खांबाशेजारी उभा राहून दात काढत सेल्फी घेतला.

दार दिमितरच्या बायकोने, एलेनाने उघडलं. मी गुळाची ढेप तिच्या हातात दिली आणि फोनमधून वाढदिवसाच्या शुभेच्छा ऐकवल्या. मग आत बसवून तिने साखर घातलेले शिजवलेले गहू पुढे ठेवले. ते ‘जीतो’ (गोड गहू) सुमनला आपल्या खिरीसारखेच लागले. मी दुसरा चमचा भरला आणि फोन बोलला, “माणूस गेल्यावर आम्ही हे वाटतो. दिमितर थंडीत गेला.”

मी चमचा खाली ठेवला. खांबावरचा कागद ‘नेक्रोलोग’ (निधनाची सूचना) होता. इथे असे कागद खांबांवर, दारांवर लावतात आणि दर स्मरणदिनी नवे चिकटवतात. खालचे शुभेच्छुकही मेलेलेच होते. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

पण थंडी कधीच सरली होती आणि दिमितरचे निरोप तर परवापर्यंत येत होते! एलेनाने त्याचा फोन टेबलावर ठेवला.

“मी पाठवले. सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता. विमानतळाच्या आत तो काय काम करायचा, मला ठाऊक नाही. घरी बोलायला बंदी होती. नंतर बोलायची सवयच राहिली नाही. तुम्हाला ते काम येतं. मला दाखवा.”

खरं सांगतो, मला राग आला. मेलेल्या मित्राच्या नावाने फसवून बोलावलं होतं. सुमनने मला उठवलं. “चला. दाखवा की तिला.”

विमानतळाचं फाटक कुणीतरी उचलून नेलेलं. धावपट्टीच्या सांध्यांतून गुडघाभर गवत. मातीखाली लपवलेल्या काँक्रीटच्या गाळ्यांत शेतकऱ्यांनी वैरण भरलेली. एका गाळ्यात मिग होतं. इंजिन नाही, काच फुटलेली, चाकं बसलेली. मी जन्मभर जपलेल्या विमानाची ही दशा!

एलेना थांबली होती. मी वाकलो, तिचा हात धरून चाकाच्या कप्प्यात घातला आणि सांगितलं, की वरचे पाइप असे चाचपायचे. जागा अरुंद, धार लागते, रोज कोपर सोलवटतं.

तिने हात बाहेर काढला नाही.

“त्याचं कोपर कायम सोललेलं असायचं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, पिऊन पडतो. मी त्याला शेवटपर्यंत टाकून बोलत राहिले.”

फोनने ते त्याच्या कोरड्या आवाजात सांगितलं. सुमनने तिला जवळ घेतलं. हात लावायचं माझं वेड तिथेच विरलं.

परत आलो. गडमुडशिंगीच्या घरी बॅगा उतरवल्या, चहा झाला. मी बाह्या वर करून हात धूत होतो. सुमन टॉवेल घेऊन आली आणि माझ्या कोपरावरच्या जुन्या वणांवर बोट ठेवून उभी राहिली.

“ह्ये बी तसलंच व्हय?” तिने विचारलं.

मी मान डोलावली.

“मला वाटायचं, तुमी मारामाऱ्या करता.”