समीक्षाच्या गाडीवरचे ओरखडे

आमगाव स्टेशनबाहेरच्या टॅक्सीच्या रांगेत एकच बाई उभी असते. ही जागा तिला कुणी दिली नव्हती, तिने ती घेतली होती.

समीक्षा रामटेके आधी शाळेची व्हॅन चालवायची. मग स्वतःची गाडी घेतली. जुनीच, पण काळीभोर. वडील गुलाबराव म्हणाले होते, "काळी कायले घेऊन राहिली, बाई? धूळ दिसते तिच्यावर."

"दिसू द्या ना बाबा. दिसली तरच पुसता येते."

पहिल्या दिवसांत रांगेतले ड्रायव्हर मुद्दाम तिच्यापुढे गाड्या आडव्या लावायचे. समीक्षा हॉर्न वाजवायची नाही. उतरायची, आडव्या गाडीच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि ती हलेपर्यंत तिथून हटायची नाही. शेवटी रांगेतला सगळ्यात जुना ड्रायव्हर दुधराम वैतागून एकाला म्हणाला, "हे बाई काही हटत नाई, तूच हट." तेव्हापासून तिचा नंबर लागू लागला. नवेगाव बांधच्या तलावावर पक्षी बघायला येणारे लोक तिचीच गाडी मागू लागले, जिल्ह्यातल्या प्रतापगडला देवदर्शनाला जाणारी कुटुंबंही. लग्नसराईत नवरदेवासाठी काळी गाडी हवी असली की फोन तिलाच यायचा.

गोंदिया रोडवर मशीनने गाड्या धुणारं वॉशिंग सेंटर उघडलं ते गेल्या हिवाळ्यात. गाडी आत घालायची, काचा लावायच्या आणि बसून राहायचं. निळे-लाल ब्रश गरगरत अंगावर येतात, फेस उडतो, वारा सुटतो आणि गाडी पलीकडून चकचकीत बाहेर पडते. मालक इंद्रकुमार सेठ स्वतः गेटवर खुर्ची टाकून बसायचा. एका लग्नाच्या आदल्या दिवशी समीक्षाला वेळ नव्हता, म्हणून तिनेही गाडी आत घातली. तिच्या पुढे एक जीप होती, मुरमाच्या रस्त्यावरून आलेली, दारांपर्यंत लाल. ती बाहेर पडल्याबरोबर समीक्षाची आत गेली.

दुसऱ्या दिवशी नवरदेवाच्या दारात गाडी उन्हात उभी राहिली आणि समीक्षा बॉनेटवर वाकून बघतच राहिली. बॉनेटवर, टपावर, दारांवर बारीक ओरखड्यांचं जाळं चमकत होतं. हार घालणाऱ्या पोरांना त्याचं काही नव्हतं. तिला मात्र दिवसभर दुसरं काही दिसलं नाही.

वरात पोचवून ती थेट वॉशिंग सेंटरवर गेली. इंद्रकुमारने खुर्चीतूनच मान तिरकी करून पाहिलं.

"मॅडम, ये मशीन का काम नहीं है. तुम्ही घरी फडक्याने पुसत असाल. लेडीज लोक घासतात जास्त."

समीक्षा गाडी घेऊन निघाली. पण ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. कारण घरी ती खरंच पुसायची, रोज सकाळी, कोरड्या फडक्याने. माणूस खोटं बोलतो आहे की खरं, हे आपल्यालाच ठाऊक नसेल तर भांडायचं कशाच्या जोरावर?

म्हणून ती मुन्नाकडे गेली. मुन्ना गाड्या रंगवायचा. त्याने गाडी उन्हात तिरपी उभी करायला लावली आणि बॉनेटवर डोळा टेकवल्यासारखा वाकून बघत राहिला.

"खरं सांगू का, ताई? राग नका येऊ देऊ."

"सांग."

"हे गोल-गोल दिसून राहिले ना, हे तुमचे. कोरड्या धुळीवर फडकं फिरवता, त्याचे. जुने आहेत."

समीक्षाचे कान तापले. तरी तिने विचारलं, "आन् हे लांब, सरळ?"

"हे तुमचे नाई. हात इतका सरळ जात नाई. ब्रशात पहिल्या गाडीची रेती अडकली का मंग तो ब्रश राहत नाई, कानस होते. रंगावर जो पारदर्शक थर राहते, त्यालेच घासते."

"म्हणजे मशीनच खराब?"

"मशीन नाई खराब. आधी जोरात पाणी मारून माती काढली, ब्रश साफ ठेवला, तर एवढं काही होत नाई. पण रांग लागली का कोण करते?"

"पॉलिश मारून जातीन का?"

"जातीन. पण पॉलिश म्हणजे तो थर अजून पातळ करणं. घडीघडी नाई करता येत."

दुसऱ्या दिवशी सकाळी समीक्षाने स्टेशनच्या रांगेत नंबर लावला नाही. वॉशिंग सेंटरच्या गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे, कुणाची वाट अडणार नाही अशी गाडी लावली. तोंड उन्हाकडे. इंद्रकुमार रस्ता ओलांडून आला.

"इथे काऊन लावली?"

"ऊन चांगलं आहे इथं."

"मैंने बोला ना, तुमच्या फडक्याने झालं."

"अर्धं माझ्या फडक्यानं झालं, सेठ. हे गोल आहेत ते माझे, मी मान्य करते म्हणून सांगून राहिली. हे सरळ आहेत ते तुमचे. तुमी कवा मान्य करता?"

त्याने बॉनेटकडे पाहिलंही नाही. वळून गेला.

मग गेटकडे वळणारा प्रत्येक ड्रायव्हर तिला बघून थांबू लागला. ती कुणाला अडवत नव्हती. विचारलं तर बोट ठेवून दाखवायची: हे माझे, हे यांचे. काही जण हसून आत गेले. पांढऱ्या गाडीवाले बहुतेक गेलेच, त्यावर काही दिसत नाही म्हणाले. "दिसत नाई म्हणून होत नाई असं नाई," समीक्षा म्हणायची आणि पुन्हा गाडीला टेकून उभी राहायची. गडद रंगाच्या गाड्या मात्र एकेक करून मागे फिरायला लागल्या.

दुपारी दुधराम आला. "पोरी, चाल घरी. धंदा बुडून राहिला तुझा. मोठा माणूस आहे तो."

"मोठा आहे म्हणून त्याचे ओरखडे माझ्या नावावर कायले घेऊ, काका?"

दुधरामने तिच्या बॉनेटवरच्या सरळ रेघांवरून बोट फिरवलं. मग आपली करडी गाडी तिच्या मागे आणून लावली. त्याच्या टपावरही सरळ रेघा होत्या. त्याने त्या आजवर कुणाला दाखवल्या नव्हत्या.

संध्याकाळी इंद्रकुमारने माणूस पाठवला. सेठ स्वतःच्या खर्चाने पॉलिश करून देतात, फक्त उद्यापासून इथे उभं राहू नका, आणि कुणाला काही दाखवू नका.

"सेठले सांगा, थर माझा पातळ होईन आन् तोंडही माझंच बंद होईन, असं नाई जमत."

ती दुसऱ्या दिवशीही आली. तेव्हा गेटवर नवा बोर्ड होता: काळ्या व गडद रंगाच्या गाड्या मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर आत न्याव्यात. समीक्षाने तो वाचला आणि पहिल्यांदाच गेटच्या आत, खुर्चीपाशी गेली.

"सेठ, काल तुमी म्हणत होते मशीननं काही होत नाई. मंग हे कायले लिहिलं?"

इंद्रकुमारने खुर्ची मागे सरकवली. मागे आत जायला थांबलेली एक काळी जीप उभी होती, तिचा मालक उतरून बोर्ड वाचत होता. त्यानेही तेच विचारलं, आणि त्याचा आवाज समीक्षापेक्षा मोठा होता.

बोर्ड त्याच आठवड्यात उतरला. त्याच्या जागी मशीनच्या तोंडाशी एक माणूस पाण्याची गन घेऊन उभा राहू लागला. मातीने भरलेली गाडी आधी तिथे धुतली जाते, मग आत जाते. रांग हळू सरकते. सेठने समीक्षाची माफी कधी मागितली नाही, आणि तिनेही त्याची वाट बघितली नाही.

तिने पॉलिश केलं नाही. कोरडं फडकं मात्र टाकून दिलं. आता ती अंगणात आधी पाणी ओतते, मग मऊ कापडाने पुसते. गेल्या महिन्यात नवेगावला निघालेल्या एका पाहुण्याने दार उघडता उघडता विचारलं, "गाडीला फार ओरखडे आहेत हो?"

"आहेत," समीक्षा म्हणाली. "कोणता कोनाचा ते सांगू का? बसा, रस्ता लांब आहे."