चतुर्थीपुरता नवरा

सुगंधाला नवरा होता आणि नव्हताही. वर्षभर तो कुठे असतो याचा थांगपत्ता कुणाला नसायचा, आणि गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी मात्र स्वारी कुडाळ स्टेशनवर उतरून थेट घरात हजर. एका खांद्यावर बॅग, दुसऱ्यावर रोषणाईच्या माळा. "बरी आसंस मा?" असं बायकोला विचारायचा, तेही वाटेत भेटलेल्या शेजारणीला विचारावं तसं. मग पाच दिवस मखर, आरत्या, झांजा आणि मोदक. विसर्जनाला मूर्ती डोक्यावर घेऊन खाडीत उतरायचा मान त्याचाच. ओल्या अंगाने घरी यायचा, कपडे बदलायचा आणि निघून जायचा. दिलेला फोन नंबर आठवड्याभरात बंद.

या गृहस्थाचं नाव प्रीतम. कुणी म्हणे सुरतेला असतो, कुणी म्हणे गोव्यात हॉटेलात. सुगंधाने सुरुवातीला शोध घेतला, मग वाट पाहिली, मग तेही सोडलं. ती मालवणी मसाला करून विकायची आणि मिरची दळायला वालावलच्या बाळाच्या गिरणीवर जायची. बाळाची बायको वारून बरीच वर्षं झाली होती. एके दिवशी पिशवी तिच्या हातात देताना तो सरळच म्हणाला, "घरात गिरणीशिवाय कोण बोलणारा नाय. येशीत?"

सुगंधा घरी येईपर्यंत हसत होती. दुसऱ्या दळणाला तिने उत्तर दिलं, "येतलंय. पण आदी माका मोकळी होवक व्हयी."

घरी सासू सुभद्रा. तिला सांगायचं कसं, म्हणून सुगंधा दोन दिवस नीट जेवली नाही. शेवटी सासूनेच विषय काढला. "प्रीतम माझो झील आसा. पण तुझो घोव म्हणान तेचो उपयोग काय? तू वकिलाक भेट."

वकीलबाई आकांक्षा तरुण, उत्साही. नवरा सोडून गेला म्हणून घटस्फोटाचा अर्ज तिने झटपट दाखल केला. समन्स बजावायला आला बेलिफ शंकर, जो याच वाडीतला, दोन घरं टाकून राहणारा. तरी तो ऑफिसची बॅग काखेत मारून आला आणि सुभद्रेला शुद्ध मराठीत विचारू लागला, "प्रीतम नावाची व्यक्ती येथेच राहते काय?"

"रे शंकऱ्या, तेच्या बारशाक जेवलंस मा तू?"

"मी ड्यूटीवर आहे, काकी. ते सध्या कुठे आहेत?"

"माका ठावक असता तर कान धरून हाडलंय नसतंय?"

शंकर प्रामाणिक माणूस, आणि तिथेच सगळा घोळ झाला. त्याने अहवालात लिहिलं की प्रतिवादी घरी सापडला नाही, मात्र दर चतुर्थीला न चुकता येतो. जजसाहेब घाटावरून नवे आलेले. ते म्हणाले, दर वर्षी घरी येणारा माणूस बेपत्ता कसा? येईल तेव्हा बजावा. आकांक्षाने पेपरात नोटीस देण्याची परवानगी मागून पाहिली, तिलाही तेच उत्तर मिळालं. झालं! बाकी सगळ्या दिवसांचा गैरहजर नवरा पाच दिवसांच्या हजेरीने कायद्याला सापडलेला ठरला.

चतुर्थी आली, प्रीतम आला. सुगंधा शंकरच्या दारात जाऊन उभी राहिली. "काका, इलो तो. कागद द्या."

शंकर ओशाळला. "माका पाच दिवस रजा आसा गो. भजनाची बारी माझी, घरोघर देवाक गाऱ्हाणा घालूचा तापण माझा."

"मगे दुसऱ्या बेलिफाक सांगा."

"तेच्याय घराक गणपती आसा. आणि देवासमोर कोर्टाचो कागद? इतक्या वर्सात मी असला पाप केलंय नाय."

मला मोकळी करशील का, असं तिने प्रीतमलाच विचारून पाहिलं. तो मखराला पताका चिकटवत होता. "चतुर्थीत असले विषय नको," तो म्हणाला, "मागसून बघूया." मागसून म्हणजे पुढच्या चतुर्थीला, आणि तेव्हाही हेच उत्तर मिळणार. सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. हा माणूस हिला धरतही नव्हता आणि सोडतही नव्हता, आणि तिकडे बाळा काही न बोलता मिरची दळून देत होता.

दुपारच्या आरतीला वाडी जमली. शंकर पायजमा-टोपीत आला. त्याच्या हातात चहाचा कप देताना सुगंधा हळूच म्हणाली, "काका, कागद देवची तुमका रजा आसा. गाऱ्हाणा घालूची रजा आसा काय?"

शंकरने चहाचा घोट तसाच तोंडात ठेवला. मग गिळला. "तेची रजा खंयची?" तो म्हणाला.

आरती संपली. शंकर हात जोडून पुढे झाला आणि त्याने खणखणीत आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! ह्या घरान तुझी जी सेवा केली ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

"चूकभूल झाली आसात ती पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या घरचो झील प्रीतम, फुडच्या तारखेक कोर्टात हजर रवांदे, आणि सुगंधाक राजीखुशीन मोकळी करूंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज प्रीतमचा होता. लहानपणापासून तोच सगळ्यात मोठ्याने ओरडायचा. ओरडून झाल्यावर त्याच्या हातातल्या झांजा थांबल्या.

"ह्या काय, शंकरकाका?"

"माका काय विचारतंस? देवाक तू सांगितलंस."

प्रीतम त्या दिवशी मोदकाला शिवला नाही. संध्याकाळी आईला विचारू लागला, "आये, आता काय करू गे?"

"मोडून बघ शब्द," सुभद्रा वाती वळत म्हणाली. "मगे मूर्ती डोक्यार आसताना खाडीत पाय घसरलो तर माका सांगू नको."

तारखेला प्रीतम हजर. त्या तारखेलाच नव्हे, पुढच्या प्रत्येक तारखेला. सुभद्रा शेजारी बसून त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरायची, कारण त्याचा भरवसा नाही. जजसाहेबांनी विचारलं, संमती आहे ना? "हो साहेब," प्रीतम म्हणाला, आणि सवयीने हातही जोडले.

निकाल लागला त्या दिवशी सुगंधा कोर्टाच्या पायरीवर बसून पोटभर रडली. प्रीतमसाठी नव्हे, फुकट गेलेल्या वर्षांसाठी. सुभद्रा बाजूला बसून राहिली आणि शेवटी म्हणाली, "सून म्हणान इल्लंस, आता चेडू म्हणान जा. पण गौरीक म्हायेराक येवचा."

सुगंधा बाळाच्या घरी नांदायला गेली. वर्ष सरलं, चतुर्थी आली आणि माळा खांद्यावर टाकून प्रीतमही आला. गौरी यायच्या दिवशी सकाळीच सुभद्रेने त्याला हाक मारली.

"वालावलाक जा. म्हायेरवाशणीक हाडूक भाव जाता."

"आये, मी तिचो भाव?"

"मगे कोण तू? घोव तर न्हंयस. आणि माका दुसरो झील नाय."

प्रीतमने आरतीला आलेल्या शंकरकडे पाहिलं. शंकरने स्कूटरची चावी पुढे केली.

वालावलात गिरणी बंद होती. बाळा अंगणात उभा होता, त्याने खुर्ची दिली, चहा आणतो म्हणाला. प्रीतमने दाराशी जाऊन घसा खाकरला. "आयेन धाडल्यान माका. चल."

"बस थंय," आतून सुगंधाचा आवाज आला. "माका वेळ लागतलो."

तो बसला. चहा आला, पिऊन झाला. सावली अंगणातून सरकली. आत सुगंधा पहाटेपासून तयार होती. नवी साडी, भरलेली पिशवी, केसांत अबोलीचा वळेसर. ती खाटेवर निवांत बसून होती.

"येतंस मा गो?" बाहेरून केविलवाणी हाक आली.

"येतंय," ती म्हणाली, आणि केसांतला वळेसर काढून तिने तो पुन्हा पहिल्यापासून माळायला घेतला.