तीन गोधड्या, सहा माणसं

सुकदेव पहाटे साडेचारला उठायचा, कारण सिल्वासाजवळच्या नरोलीत नळाची रांग पाचला लागे. सातला तो पाळीवर गेला की रात्रपाळीहून आलेला वाळू त्याच्याच गोधडीत शिरे. खोलीत आम्ही सहा जण, गोधड्या तीन. एकही कधी थंड पडली नाही.

एक्क्याण्णवच्या थंडीत कारखान्यात फ्लू शिरला. मुकादमाने सुकदेवला सांगितलं होतं, महिनाभर खाडा केला नाहीस तर कायम करतो. कायम झाला की शिरपूरहून बायकोला, मंगलाला, आणायचं त्याने ठरवलं होतं. तेवीस दिवस भरले आणि वाळू तापाने फणफणत घरी आला.

सुकदेव सिल्वासाच्या दवाखान्यात विचारून आला. नर्स सुलभाताईंनी सांगितलं, आजाऱ्याच्या अंथरुणात झोपू नका, त्याचा गिलास वापरू नका, साबणाने हात धुवा, ताप असेल तर घरी राहा. सुकदेवला काम अर्धं सोडणं जमत नसे. त्याने वाळूला पाळीवर जाऊ दिलं नाही, गोधडी त्याला दिली, स्वतः पोत्यावर झोपला आणि सहा गिलासांवर खिळ्याने नावं कोरली.

“माझा गिलास वेगळा?” वाळू भडकला. “मी कोण लागतो रे तुझा?”

“आजारी.”

“मग या बाकीच्यांची नावं कशाला?”

“ते उद्या होतील.”

हात तो कोपरापर्यंत धुई. साबणाची वडी चार दिवसांत संपली. त्याच दिवशी संध्याकाळी ओट्यावर वाळूने अर्धी ओढलेली विडी पुढे केली आणि सुकदेवने दोन झुरके मारले. मी शेजारीच होतो. मलाही काही खटकलं नाही. विडी अर्धी करायची, ही आमची रीत.

दोन दिवसांनी सुकदेवला ताप भरला. तरी तो निघाला. वाळू दारात आडवा आला.

“कुठे चालला भो?”

“पाळीला. एकच दिवस राहिलाय.”

“मला कोंडून घातलं तेव्हा माझी पाळी नव्हती? बस खाली.”

सुकदेवने जरा वेळ शिव्या दिल्या, मग चपला काढल्या. खाडा पडला.

शेजारच्या खोल्यांतले तापातच कामावर गेले. आठवड्यात निम्मी यंत्रं बंद पडली. आम्ही बाकीचे चौघे धडधाकट होतो. मुकादमाने आमच्याकडून दुप्पट काम घेतलं, पण सुकदेवला सूट दिली नाही. महिना पुन्हा पहिल्यापासून.

त्याने तो भरला, विडी न ओढता. कायम झाल्यावरच्या पहिल्या पगारातून सिल्वासाच्या आमलीत भाड्याने खोली घेतली आणि मंगलाला येण्यासाठी एसटीच्या तिकिटाचे पैसे धाडले.