कुत्र्याच्या नावाची मूठ

मला शेजाऱ्यांचा मत्सर वाटत होता. पुढचं सगळं त्यातून झालं, म्हणून ते आधी लिहितो.

धुळ्यात मी सहा वर्षं एका कॉलनीत एकटा राहिलो. वृत्तपत्राच्या कार्यालयात माझी वेळ दुपारी चार ते रात्री बारा. तिसऱ्या वर्षी साक्री रस्त्यावरच्या एका टपरीमागून तांबड्या रंगाचं गावठी पिल्लू उचलून आणलं. लसी वेळेवर टोचून घेतल्या, गोचीड काढायचा चिमटा आणला, गळ्यात माझा फोन नंबर कोरलेला पट्टा घातला. मी कामावर गेलो की तो कुंपणाच्या फटीतून शेजारी जायचा. शेजारी एसटीतून निवृत्त झालेले चालक आणि त्यांची पत्नी राहत. मूळचे अमळनेर तालुक्यातले, बोलायचे अहिराणीत. सगळी कॉलनी त्यांना आबा आणि अक्का म्हणायची, मीही तेच म्हणू लागलो.

पहिली नोंद फाटकाची आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रकचा रस्ता होता, त्यामुळे फाटक उघडं राहिलं तरी कुत्र्याने उंबऱ्याशी थांबायला हवं होतं. मी ते पद्धतशीर शिकवलं. उकडलेल्या अंड्याचे तुकडे, एकच शब्द, रोज दहा मिनिटं. पंधरा दिवसांत तो थांबू लागला. मी समाधानी होतो. मग एका सकाळी आबा त्यांच्या फाटकातून बाहेर पडले, हात मागे बांधून नुसते उभे राहिले, आणि तो थांबला. अंडं नाही, शब्दही नाही.

"तुम्ही याला काय देता?" मी विचारलं.

"काहीच नही," आबा म्हणाले. "तुमनं तो ऐकस नही, भाऊ. अंडानं ऐकस."

अक्का ओट्यावर गिलकी चिरत होत्या. त्या हसल्या. मीही हसलो. त्या दिवसापासून मी मोजू लागलो. माझी स्कूटर आली की तो शेपटी हलवायचा, पण बसल्या जागेवरून. आबा खाकरले की उठायचा. मला दारापर्यंत सोडायचा, आबांना कोपऱ्यापर्यंत. बातमीदारीत निरीक्षणाची सवय लागते, ती इथे काही कामाची नव्हती. तरीही निरीक्षण थांबलं नाही.

त्या हिवाळ्यात कार्यालयातल्या लोकांनी एका शेतात भरीत पार्टी केली. तुराट्यांवर भाजलेली वांगी, तेलात परतलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि भरपूर कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. उरलेलं मी मुद्दाम कुत्र्यासाठी बांधून आणलं. अक्कांच्या घरून त्याला साधी भाकरी मिळते, माझ्याकडून हे मिळेल, असा माझा विचार होता. पायरीवर पत्रावळ ठेवली. त्याने ती चाटून पुसून संपवली आणि माझ्या पायावर डोकं ठेवून बसला. तसा तो आबांच्या पायाशी बसायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला सहा उलट्या झाल्या. पाठ कमान करून तो भिंतीशी उभा होता, बसत नव्हता. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, रक्त काढलं. तेलकटाने स्वादुपिंडाला सूज आली होती. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतात, हेही त्यांनी सांगितलं. तीन दिवस सलाईन लागलं. पुढे मऊ भात, मुगाचं पाणी, तेल-तुपाचा थेंब नाही. पुन्हा असं झालं तर वाचवता येईलच असं नाही, असं ते म्हणाले.

"याला काय खायला घातलं होतं?" त्यांनी विचारलं.

"शेजारी काहीतरी देतात," मी म्हणालो.

हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. बोलल्यावर मागेही घेतलं नाही. उलट घरी येऊन पथ्याचा कागद छापला, मुद्दे क्रमांक घालून, आणि शेजारी नेऊन दिला. अक्कांनी तो वाचला. आमच्याकडून काही गेलं नाही, असंही त्या म्हणाल्या नाहीत. फ्रिजच्या दारावर लावला आणि तंतोतंत पाळला. संध्याकाळचा मऊ भात त्याच करायच्या. त्यांनी पथ्य मोडावं अशी माझी इच्छा होती. तशी संधी सहा महिने मिळाली नाही.

जूनमध्ये मी जळगावच्या कार्यालयात बदलीसाठी अर्ज दिला. घरगुती कारण, असं लिहिलं. खरं कारण एवढंच, की जळगावला कुंपणाची फट नव्हती. श्रावणात बदलीचा आदेश आला. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. शेजारी अजून सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई देवी बसली. सोमवारी वाजतगाजत विसर्जन झालं. आमच्या खानदेशात या सणाला रोटांचे दिवस म्हणतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू काढून दळतात, त्याच पिठाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, होतात. ते घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. आमचंही कुळ हे पाळतं. माझी मूठ पाचोऱ्याकडच्या गावी चुलतभावाच्या घरी निघते.

मंगळवारी सकाळी कुंपणावरून पाहिलं. अक्का ओट्यावर बसून कुत्र्याला हाताने रोट भरवत होत्या.

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही. पथ्य मोडलं होतं, नेमही मोडला होता, आणि दोन्हींचा साक्षीदार मी होतो. बदलीचा आदेश खिशात घालून मी त्यांच्या फाटकातून आत गेलो.

"अक्का, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"कोरडा शे," त्या म्हणाल्या. "तूप नही, गूळ नही. यांनी डॉक्टरले फोन करी इचारं. गव्हाचा चालेल म्हणाले."

"पण रोट बाहेरच्याला देत नाहीत."

"बाहेरना कोन शे?"

मी कुत्र्याकडे पाहिलं. त्यांनी रोटाचा आणखी एक तुकडा मोडून त्याला दिला. मग माझ्यासाठी शुद्ध मराठीत सांगू लागल्या. यंदा चार मुठी काढल्या. आबांची, सुरतेच्या मुलाची, नातवाची, आणि याची. आबा आधी नको म्हणाले होते, भाऊबंद हसतील म्हणून. "मी म्हटलं, सुरतवाले येत नाहीत तरी त्यांची मूठ घेतो. हा रोज दारात बसतो. याची का नको?"

"पुरुष माणूसच शे तो," आबा आतून म्हणाले. "आन् कामनाबी शे. पोऱ्यापेक्षा."

"गप बसा तुम्ही," अक्का म्हणाल्या.

सहा वर्षांत त्या घरातून मला गिलक्याची भजी आली होती, कैरीचं लोणचं आलं होतं, दिवाळीचा फराळ आला होता. रोटाचा तुकडा कधी आला नव्हता, आणि येणारही नव्हता. मी बाहेरचा होतो. इतके दिवस मला कुत्र्यावरून आबांचा मत्सर वाटत होता. त्या ओट्यासमोर उभा राहून मला कुत्र्याचा मत्सर वाटला.

मग मी खिशातला कागद काढला. जळगावला बदली झाली, याला घेऊन जातोय, असं सांगितलं.

अक्कांचा हात थांबला. "घी जा," त्या म्हणाल्या. "कुत्रं तुमनं शे."

आबा बाहेर आले. "नेज्यात. पण पुनीव होऊ द्या. त्याना वाटाना रोट सरना नही अजून." एवढं बोलून ते पायरीवर बसले, आणि त्याच स्वरात पुढे म्हणाले, "आन् तठे त्याले भरीत नका खावाडू, भाऊ. हिवाळामा तुमन्या पायरीवर पत्रावळ व्हती. मीच उचली."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. फ्रिजवर कागद लावतानाही. 

पहिल्या तारखेला एकटाच जळगावला गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. कामाची वेळ तीच होती, चार ते बारा. खोली लावता लावता लक्षात आलं, की हे आठ तास तो बंद दाराआड काढणार. धुळ्यात हे तास अक्कांकडे जायचे. अर्ज करताना याचा विचार मी केला नव्हता.

पौर्णिमा झाल्यावर भाड्याची गाडी घेऊन गेलो. तो येणार नाही, अशी माझी खात्री होती. तो अडेल, मी दोनदा ओढीन आणि सोडून देईन, असं मनाशी मांडलंही होतं. त्याने तसं काही केलं नाही. मी दार उघडलं, नाव घेतलं, तो उडी मारून मागच्या सीटवर बसला आणि जीभ बाहेर काढून माझ्याकडे पाहू लागला. अक्का आत निघून गेल्या. आबा कुंपणाची फट निरखत होते, जणू ती आजच दिसली.

इंजिन सुरू होतं. ड्रायव्हरने विचारलं, "निघायचं?"

मी कुत्र्याला उतरवलं. तो तितक्याच सहज उतरला.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"तिकडे रात्री बारापर्यंत कोणी नसतं," मी म्हणालो. बातमीत लिहावं तसं वाक्य होतं, आणि खरं होतं.

आता महिन्यातून एका रविवारी जळगावहून बसने जातो. मला खुर्ची देतात, कपबशीत चहा देतात. मागच्या खेपेला अक्का कुत्र्याला म्हणाल्या, "देख, तुना पाहुना उना." तो आला, माझा हात हुंगला, शेपटी हलवली आणि आबांच्या खुर्चीखाली जाऊन पडला. त्याचं वजन वाढलं आहे. कानाला थोडी खरूज आहे, औषध चालू आहे. ते मला डॉक्टरांकडून नाही, अक्कांकडून कळतं.

"तठे एखादं पिल्लू पाळा ना," आबा म्हणाले. "एकटे किती दिवस ऱ्हाशात?"

"बघतोय," मी म्हणालो.

मी बघत नाही.