पत्रिकेतल्या उलट्या जोड्या

मी लग्नाची नोंदणी झाल्याचा दाखला तीन वर्षांनी पहिल्यांदा नीट वाचला, आणि कळलं की सरकारच्या लेखी मी माझ्या थोरल्या दिराची बायको आहे.

हे कसं झालं ते सांगते. माझं माहेर जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरात, सासर आंबेगावात तळेघरच्या पुढे. आम्ही दोघी बहिणी, मी मोठी. सासरी दोघे भाऊ. एकाच मांडवात दोघींची लग्नं लावायची असं ठरलं. बघायला आले तेव्हा सगळ्यांच्या मनात थोरल्याला थोरली आणि धाकट्याला धाकटी असंच होतं. आमच्याकडे त्याचा कुणी वेगळा विचारही करत नाही. पण माझी उंची आमच्या घराला जरा जास्तच झाली आहे, आणि थोरले दीर उंचीला बेताचे. त्यांच्या आत्यानं आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं आणि कपाळावर हात मारला. "आगं बया, ही तर शिडी हाय! जोडा शोभाया नको का? हिला धाकट्याला द्या, अन् बारकीला थोरल्याला." धाकटा खरंच माझ्याहून चार बोटं उंच होता. सगळे हसले, चहा झाला, सुपारी फुटली.

अशी मी उंचीच्या हिशेबानं धाकट्याच्या वाटणीला आले. मला तो बरा वाटला होता, पण मला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यालाही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

यात सगळ्यात चैन झाली ती माझ्या बहिणीची. कालपर्यंत जिची वेणी मी घालत होते ती सासरी माझी थोरली जाऊ झाली. हळदीकुंकू आधी तिला. दसऱ्याला मी तिच्या पाया पडते, आणि ती गालातल्या गालात हसत म्हणते, "औक्षवंत व्हा, धाकट्या जाऊबाई." एकदा मी वाकल्या वाकल्या तिच्या पायाला चिमटा काढला, तर सासूबाईंनी पाहिलं. मलाच बोलणी बसली.

आता चुकीकडे येते. पत्रिका छापायला चुलत सासरे नारायणगावला गेले. त्यांनी नवऱ्यांची नावं एका बाजूला लिहून दिली आणि नवऱ्यांच्या समोर आम्हा नवऱ्या मुलींची, दोन्हीकडे वयानं मोठं आधी. समोरासमोर वाचलं की थोरल्याला थोरली! पत्रिका वाटून झाल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं. मग चुलत सासरे घरोघर सांगत फिरले, "छापलंय तसं, पण जोड्या उलट्या हाईत." लोकांनीही ते मनावर घेतलं नाही. जेवायला यायचं होतं त्यांना.

लग्नानंतर आठवड्यानं ग्रामपंचायतीत नोंदणीला गेलो, तेव्हा अर्जही चुलत सासऱ्यांनीच भरला, समोर तीच पत्रिका ठेवून. आम्ही चौघांनी बोट दाखवलं तिथं सह्या केल्या. तीन साक्षीदारांनी केल्या, भटजींनी केली. वाचलं एकानंही नाही. दाखले आले ते सासूबाईंनी पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली ठेवले.

ते बाहेर काढायची वेळ आली आमच्या वाडीतल्या अंगणवाडीमुळे. सेविकेची जागा निघाली. मी बारावी झालेली, मुलांची आवड, आणि त्या डोंगरात पायी जाण्यासारखी दुसरी नोकरी नाही. मला ती जागा हवी होती, अगदी मनापासून. भातखाचरात मी मागे नसते, पण दिवसभर वाकून काम करताना शाळेत पाठ केलेल्या कविता मोठ्यानं म्हणणारी बाई मी एकटीच. अट एकच, उमेदवार त्याच गावची रहिवासी पाहिजे. माझं आधारकार्ड, शाळेचा दाखला, सगळं माहेरच्या नावाचं. मी या गावची सून आहे हे सांगणारा कागद म्हणजे तो लग्नाचा दाखला. अर्ज घोडेगावला द्यायचा होता. मुदत शुक्रवारची, आणि मी पेटी उघडली मंगळवारी.

दाखला वाचून मी अशी ओरडले की बहीण मळणी सोडून धावत आली. तिनं वाचलं आणि खाली बसून हसायलाच लागली. मी चिडले. "हसतीस काय? तुझा नवरा माझ्या नावावर हाय!"

"आसू दे की, ताई. रातभर घोरत्यात. घिऊन जा," ती म्हणाली.

नवऱ्याला आणि चुलत सासऱ्यांना घेऊन मी ग्रामपंचायत गाठली. मंगळवार हा ग्रामसेवकांचा आमच्या गावचा दिवस, त्यामुळे ते सापडले. तिशीच्या आतले, बाहेरगावचे, नव्यानं बदलून आलेले. तीन गावांचा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी नोंदवही काढली, दोन्ही नोंदी वाचल्या आणि पेन खाली ठेवलं.

"वहिनी, एक अक्षर चुकलं असतं तर मी आत्ता दुरुस्त केलं असतं. इथं नवरेच बदलायचेत. मी तुमच्या लग्नाला नव्हतो. पुरावा पाहिजे."

"आख्खं गाव सांगंल की," चुलत सासरे म्हणाले.

"गावानं तेव्हा सह्या केल्यात ना खाली? त्याच चुकीच्या कागदावर. पत्रिका आहे?"

चुलत सासऱ्यांनी मोठ्या अभिमानानं पत्रिका पुढे केली. ग्रामसेवकांनी ती वाचली आणि उलटी करून आमच्याकडे धरली. पत्रिका आमच्याच विरुद्ध साक्ष देत होती. फोटो होता, पण त्यात दोन्ही नवरे एका बाजूला आणि आम्ही दोघी एका बाजूला. मग लग्नाचा व्हिडिओ लावला. त्यात मंगलाष्टकांच्या जागी गाणं, बदामाच्या आकारात आमचे चेहरे आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या. ग्रामसेवक बराच वेळ बघत राहिले. "ह्यात नुसती गुलाबं दिसतात," ते म्हणाले. "काही न कापलेलं असेल तर आणा. उद्या मी दुसऱ्या गावाला आहे, पण गुरुवारी तुमच्यासाठी इथं येतो."

माझा नवरा या सगळ्या वेळात खिडकीशी उभा होता, एक शब्द न बोलता. मला त्याचाच राग आला. घरी आल्यावर मी म्हणाले, "तुमाला काईच वाटत न्हाई का?" तो म्हणाला, "वाटतं की," आणि म्हशीला पाणी दाखवायला गेला.

बुधवारी मी आणि तो मोटरसायकलवरून जुन्नरला गेलो. शूटिंग करणारे चाचा तिथल्या पेठेतले. त्यांच्या दुकानात भिंतभर कपाट, त्यात लग्नांच्या सीडीच्या डब्या ओळीनं लावलेल्या. "कच्चं शूटिंग मी कधीच पुसत नाही, बेटी," ते म्हणाले. "लोकांची लग्नं असतात ती." माझी हकिगत ऐकून ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. लॅपटॉप घेऊन मी स्वतःच येतो म्हणाले, कारण ही गंमत त्यांना चुकवायची नव्हती.

गुरुवारी ग्रामपंचायतीत बसायला जागा उरली नाही. चौघे आम्ही, तिन्ही साक्षीदार, सासूबाई, आत्या, आणि खिडक्यांतून निम्मी वाडी. चाचांनी शूटिंग लावलं. एका लांब धोतराचा अंतरपाट धरलेला. एका बाजूला पाटांवर दोघे नवरे, दुसऱ्या बाजूला मामांनी आणून उभ्या केलेल्या आम्ही दोघी, मुंडावळ्या तोंडावर, माना खाली. चाचांनी हे स्टूलवर चढून घेतलं होतं, त्यामुळे दोन्ही बाजू दिसत होत्या.

पहिलं मंगलाष्टक झालं. ग्रामसेवक पुढे वाकले. "वहिनी, ह्या उंच त्या तुम्हीच ना? मग तुम्ही तर थोरल्यांच्या समोर उभ्या आहात."

खरंच होतं. मामांनीही सवयीनं थोरल्यासमोर थोरलीच नेऊन ठेवली होती. कागद खरा आणि आम्हीच खोटे असं दिसत होतं. मला डोळ्यांसमोर अंगणवाडी जाताना दिसली. आत्या मामांच्या नावानं बोटं मोडायला लागली.

"थांबा जरा," चाचा म्हणाले. "पुढं बघा."

दुसरं मंगलाष्टक झालं. तिसरं सुरू होताना धाकट्या नवऱ्यानं मान वर केली. अंतरपाटावरून त्याला माझं डोकं दिसत असणार, उंच आहे ना मी. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. भटजी म्हणत होते, करवल्या अक्षता टाकत होत्या, कुणाचंच लक्ष नव्हतं. मग त्यानं भावाच्या कोपराला धरलं, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि पाटावरून उतरून सरळ त्याच्या पाटावर आला. थोरले बिचारे हसत हसत दुसऱ्या पाटावर गेले. अंतरपाट दूर झाला, आणि समोर जो होता त्याला मी हार घातला.

मी अंतरपाटाच्या अलीकडे मान खाली घालून होते. मला यातलं काही माहीत नव्हतं.

ग्रामपंचायतीच्या खिडक्यांतून शिट्ट्या सुरू झाल्या. थोरले दीर म्हणाले, "म्या बी लगी सरकलो की राव, मला काय नको व्हतं व्हय!" माझी बहीण लाजून माझ्या पाठीमागे लपली, थोरलेपण विसरून. माझा नवरा खिडकीबाहेर असा बघत होता जणू बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय.

ग्रामसेवकांनी पेन उचललं. चौघांचे जबाब आणि साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. या वेळी प्रत्येकानं मोठ्यानं वाचून सही करायची असा दंडक घातला, आणि चुलत सासऱ्यांना दोनदा वाचायला लावलं. नवा दाखला शिक्क्यासह माझ्या हातात आला.

शुक्रवारी घोडेगावला रांग होती. खिडकी बंद व्हायच्या थोडी आधी माझा अर्ज आत गेला आणि पोच मिळाली. परत येताना डिंभे धरणाच्या वर मी त्याला गाडी थांबवायला सांगितली.

"सांगितलं का न्हाई मला कवा?"

तो हँडलकडे बघत म्हणाला, "पत्रिका बघितली तवापासनं धाकधूक व्हती. मांडवात दोन अष्टकं वाट बघितली, कुणीतरी बोलंल म्हनून. कुनीच बोलंना. म्हटलं, आता आपनच सरकाया पायजे."

"आन् आत्यानं उंची बघून ठरवलं ते?"

"आत्याला उंचीचं म्याच सुचवलं व्हतं."

तळेघरपर्यंत मी त्याच्या पाठीला डोकं टेकून बसले, आणि वाटेत लोक बघत होते तरी उचललं नाही.

निवड झालेल्यांची यादी पुढे महिन्याभरानं लागली. माझं नाव तिच्यात होतं, पूर्ण: आधी माझं, मग त्याचं, मग आडनाव. बरोबर आलेल्या बायका अभिनंदन करत होत्या. मी मधल्या नावावर बोट ठेवून तिथंच उभी राहिले.